रेकॉर्ड प्लेअरचं हमिंग आणि घराचं अर्थिंग : कामाच्या नोंदी

१ मार्च २०२५

बाबांच्या शंभरेक एलपी कित्येक वर्षं माळ्यावर पडून होत्या. जानेवारीत रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून आणला, सुईचं काट्रिज नवीन बसवलं, जुना स्टिरिओ अँप्लिफायर पुसून घेतला आणि दिवाणखान्यात सगळं मांडलं. गाणं लागलं, पण गाण्याच्या तळाशी सारखं घूंऽऽ चालू. बाबा दोन मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "तानपुरा नीट जुळलेला नाही का गं? पंचम हलतोय."

रेकॉर्डिंग उत्तम आहे, मग पंचम कशाने हलेल? रात्री कागद घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. गायकाची पट्टी काळी एक. या पट्टीत तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झवर लागते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि हमिंगमध्ये तिच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा सूरही मिसळलेला असतो. १०४ आणि १०० एकत्र वाजले की आवाज सेकंदाला चार वेळा वरखाली होतो. बाबांचे कान बरोबर सांगत होते. बेसूर घरातली वीज होती.

हे हमिंग काढायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाला असंच काम काढायचं असेल तर माझ्या चुका उपयोगी पडतील, म्हणून तारखांसह लिहून ठेवते.

सामान असं आहे: रेकॉर्ड प्लेअर, लोखंडी बॉडीचा थ्री-पिन अँप्लिफायर, दोन स्पीकर, टीव्ही आणि डिशचा सेट-टॉप बॉक्स. टीव्हीचा आवाजही याच अँपवर घेतलाय. लॅपटॉप बहुतेक वेळा अँपच्याच वीजबोर्डावर चार्जिंगला असतो. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला. १९८८ चं बैठं बांधकाम, वायरिंगही तेव्हाचंच.

८ मार्च

आज फक्त शोध घेतला. सगळ्या केबल काढल्या आणि एकेक परत लावत गेले. नुसता अँप लावला, व्हॉल्यूम पूर्ण वर नेला, तरी स्पीकर जवळजवळ शांत. म्हणजे अँपमधले हम गाळणारे फिल्टर कॅपॅसिटर ठीक आहेत. रेकॉर्ड प्लेअर जोडला की बारीक हमिंग येतं. टीव्हीकडची केबल लावली की ते मोठं होतं, आणि सिलेक्टर फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरवर) असला तरी होतं. म्हणजे कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळी हाताळायला हवीत.

रेकॉर्ड प्लेअरचं आधी उरकलं. काट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. फोनो प्रीअँप तो शंभरपट करतो, शिवाय ५० हर्ट्झच्या आसपासच्या खर्जाला मधल्या सुरांपेक्षा आणखी सातपट उचलतो, कारण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. त्यामुळे इथे घुसलेला कणभर हमही ढोलासारखा वाजतो.

प्लेअरमधून सिग्नलच्या दोन केबलींबरोबर एक बारीक काळी तार येते. तिच्या टोकाला दोन फाट्यांचं धातूचं थिंबल असतं आणि ते अँपच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूखाली आवळायचं असतं. माझं आवळलेलं होतं, पण थिंबल हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, तार कापून नवं क्रिंप केलं. निम्मं हमिंग तिथेच गेलं.

उरलेल्या निम्म्याला दुसरी परीक्षा लावली. मोटर बंद ठेवून टोनआर्म (सुईचा दांडा) हाताने हळूहळू आत-बाहेर फिरवला. अँपच्या बाजूला गेला की हम वाढतो, दूर नेला की कमी होतो. याचा अर्थिंगशी संबंध नाही. अँपमधल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट काट्रिज पकडत होतं. प्लेअर अँपच्या उजवीकडून उचलून डावीकडे दोन फूट लांब ठेवला. खर्च शून्य. ही परीक्षा आधी केली असती तर दोन आठवड्यांपूर्वी नव्या केबलवर घातलेले साडेसहाशे रुपये वाचले असते.

टीव्हीची केबल काढूनच ठेवली. हमिंग जवळपास बंद. काम झालं असं समजून झोपले.

१४ मार्च

काम झालेलं नव्हतं. आई फरशी पुसत होती, पाय ओले. आधारासाठी अँपवर हात टेकला आणि हात झटकून मागे झाली. "मुंग्या आल्या गं हाताला," म्हणाली. इजा काही झाली नाही, पण माझ्या पोटात गोळा आला.

मल्टिमीटर घेऊन अँपची बॉडी आणि न्हाणीघरातला लोखंडी नळ यांच्यामध्ये मोजलं: १०८ व्होल्ट. लॅपटॉपचा चार्जर काढला तर ४० च्या आसपास. चार्जरच्या आत फेजकडून (वीज आणणाऱ्या तारेकडून) आणि न्यूट्रलकडून (परतीच्या तारेकडून) अर्थच्या पिनेकडे एकेक छोटा कॅपॅसिटर असतो. अर्थ खरंच जमिनीत गेलेला असेल तर त्यातून झिरपणारा अंशभर मिलिअँप करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर ती पीन दोन्हींच्या मध्ये, म्हणजे २३० च्या निम्म्यावर लोंबकळत राहते, आणि त्या बोर्डावरच्या प्रत्येक थ्री-पिन वस्तूची बॉडी तिच्याबरोबर लोंबकळते.

मेन बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटमध्ये लाल वायर (फेज) आहे, काळी (न्यूट्रल) आहे, आणि वरच्या जाड पिनेच्या टर्मिनलचा स्क्रू कोरा करकरीत. १९८८ पासून तिथे तार लागलेलीच नाही. टीव्हीचा बोर्ड उघडला, तिथेही तेच. फक्त न्हाणीघरातल्या गीझरच्या बोर्डात एक उघडी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार आलेली दिसली. बाहेरच्या भिंतीवर ती शोधली तर गंजून मधेच तुटलेली. घरभर थ्री-पिन सॉकेट आहेत, अर्थ कुठेच नाही.

आणि टीव्हीची केबल लावल्यावर हमिंग का वाढायचं तेही कळलं. झिरपणारा करंट जमिनीची वाट शोधत होता. अँपची बॉडी, ऑडिओ केबलची जाळी, टीव्ही, डिशची कोअॅक्स केबल, गच्चीवरचा लोखंडी खांब, स्लॅबच्या सळया, अशी वाट त्याला सापडली होती. गाण्याच्या केबलचा गटारासारखा वापर चालला होता. मी केबल काढली तेव्हा वाट बंद झाली, हमिंग थांबलं आणि तोच करंट आईच्या हातातून गेला. हम बंद करण्याच्या नादात मी अँप आधीपेक्षा धोकादायक करून ठेवला होता.

या दिवसांत दोघातिघांनी सांगितलं की प्लगची अर्थची पीन काढून टाक, सगळे तसंच करतात. नाही करणार. लोखंडी बॉडीच्या वस्तूला तीच एक पीन वाचवते. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं तर बॉडीवर मुंग्या येणारे १०८ व्होल्ट नसतील, पूर्ण फेज असेल.

१६ मार्च

चूक नंबर दोन, आणि ही मी पूर्ण विचारांती केली. म्हटलं, ऑडिओपुरतं वेगळं, स्वच्छ अर्थिंग करू. खिडकीखाली तीन फुटी जीआय रॉड ठोकला, त्याला हिरवी वायर बांधली आणि ती खिडकीतून आत घेऊन अँपच्या जीएनडी स्क्रूला लावली. रॉड, क्लँप, वायर मिळून ४०० रुपये. बॉडीवरचे व्होल्ट गेले. मी खूश.

संध्याकाळी वायरमन मामा आले. आमच्या घरची कामं वीस वर्षं तेच करतात, लायसन्सवाले आहेत. रॉड पाहिला आणि म्हणाले, "ताई, थांबा, बल्ब लावून बघू." शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब, एक टोक फेजला, दुसरं माझ्या रॉडच्या वायरला. मीटरवर फेज ते रॉड २३६ व्होल्ट दिसत होते ते बल्ब लावताच १७५ च्या खाली आले. बल्ब पिवळट, मरगळलेला. उरलेले साठएक व्होल्ट मातीतच खर्ची पडत होते. हिशोब केला तर रॉडचा रोध १८० ओहमच्या घरात निघाला.

मामांनी पुढे विचारलं, "फेज बॉडीला लागली तर किती करंट जाईल?" २३० भागिले १८०, सव्वा अँपिअरच्या आसपास. आमचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. तो ढिम्म हलणार नाही आणि अँपची बॉडी तासन् तास फेजवर बसून राहील. मातीतला रॉड लावला म्हणजे सुरक्षित झालो हा माझा समज त्या पिवळ्या बल्बने मोडला.

शिवाय घरात दोन सुटे अर्थ, एक ऑडिओचा आणि एक बाकीच्यांचा, ठेवणं हेच चूक. जवळपास वीज पडली किंवा घरात फॉल्ट आला तर दोन्हींमध्ये मोठा दाब तयार होतो आणि तो फुटायला जागा शोधतो तुमच्या केबलींतून. रॉड, पाइप असे इलेक्ट्रोड कितीही पुरा, ते आपसांत जोडलेले हवेत आणि घराला अर्थ एकच हवा. रॉड उपटला.

(बल्बची परीक्षा स्वतः करू नका. ती चालू असताना अर्थला जोडलेल्या सगळ्या बॉडी काही व्होल्ट वर उचलल्या जातात, शिवाय हातात उघडी फेज असते.)

२२–२४ मार्च

पहिला खड्डा. मी जागा निवडली मेन बोर्डाला जवळची, पुढच्या अंगणातली. वायर कमी लागेल एवढाच विचार. दीड फूट माती, मग मुरूम, आणि साडेचार फुटांवर पहार खणकन वाजली. कातळ. अडीच मीटरचा ४० मिमी जीआय पाइप आणून ठेवलेला, तो उभा बसणं शक्य नव्हतं. कापून १.४ मीटरचा केला. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून आठ बादल्या पाणी. पाइप ११००, कोळसा-मीठ ५००, मजुरी १२००.

सोमवारी मामांनी अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र) भाड्याने आणला, ५०० रुपये. आकडा आला ६४ ओहम. बल्बची परीक्षाही केली: २३६ चे २११ झाले. दोन्ही हिशोब जुळतात. मुरुमात पाणी थांबत नाही, दोन दिवसांत निथळून जातं. जागा चुकली. वायर वाचवायला गेले आणि खड्डा वाया घालवला, पूर्ण नाही पण बराचसा.

५–६ एप्रिल

दुसरा खड्डा मागच्या अंगणात, केळीच्या आळ्याशेजारी. इथली माती काळी, खोल, आणि केळीला रोज पाणी मिळतं म्हणून ओल टिकते. पहिल्या खड्ड्यापासून अंतर भरपूर आहे. फार जवळ घेतले असते तर दोघांनी तीच माती वापरली असती आणि फायदा अर्धा झाला असता.

इथे पाइपऐवजी जीआय प्लेट घालायचं ठरलं, ६० बाय ६० सेंटिमीटर. दुकानदाराने दिली ती ३ मिमी जाडीची. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे जीआय प्लेट ६.३ मिमीची लागते, तांब्याची असेल तर ३.१५ चालते. परत नेली, अर्धा शनिवार गेला. जाड प्लेट २२०० रुपयांना, वजन अठरा किलोच्या आसपास, दोघांनी उचलून आणली.

प्लेट आडवी टाकत नाहीत, उभी पुरतात. तिची वरची कड जमिनीपासून किमान दीड मीटर खाली हवी, म्हणून सात फूट खणलं. दोन मजूर, दीड दिवस, २४०० रुपये. मिठाऐवजी या वेळी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती), दोन पोती ७०० रुपये. मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता जीआय खातं. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि प्लेटपासून सुटते, तेही बेंटोनाइट थोपवतं, कारण ते पाणी धरून फुगतं. ते कोरडं ओतू नका. घमेल्यात पाणी घालून चिखलासारखं कालवलं, मग प्लेटच्या दोन्ही अंगांना हाताने थापलं. थंडगार, लोण्यासारखं लागतं. प्लेटचा कोपरान् कोपरा झाकला गेला याची हाताने खात्री केली.

दोन्ही खड्डे २५ बाय ३ मिमीच्या जीआय पट्टीने जोडले. मग टेस्टर लावला: १४ ओहम. मामा हसले. मला आणखी खाली हवं होतं, पण ते म्हणाले, "आरसीसीबी बसवणार आहात ना, मग हे भरपूर आहे." बरोबर आहे. आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. ३० मिलिअँपचा आरसीसीबी ट्रिप व्हायला १४ ओहमवर बॉडीला अर्धा व्होल्टही चढावा लागत नाही. आमच्याकडे खांबावरून घरात दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ ज्याने त्याने आपल्या मातीत शोधायचा. अशा घरात एकट्या एमसीबीच्या भरवशावर राहू नये, आरसीसीबी हवाच.

१२–१३ एप्रिल

खड्ड्यापासून भिंतीपर्यंत जीआय पट्टी, तिथून मेन बोर्डापर्यंत ४ चौरस मिमी तांब्याची हिरवी वायर. जीआय आणि तांबं एकमेकांना थेट चिकटवलं तर जोड गंजतो, म्हणून कल्हई केलेलं थिंबल, स्टीलचा बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली.

भिंतीतल्या जुन्या पाइपांत वायर ओढायची स्प्रिंग घातली, दोन फुटांवर अडकली. दुपारभर खटपट केली. शेवटी केसिंग पट्टी मारली, भिंतीच्या वरच्या कडेने. दिसायला बरी नाही, पण प्रत्येक बोर्डाला २.५ ची हिरवी वायर पोचली. दिवाणखान्यात टीव्हीच्या बोर्डाला वायर अँपच्या बोर्डावरूनच नेली, म्हणजे दोन्हींचा अर्थ एकाच जागी येतो.

अँपची बॉडी ते नळ: ०.३ व्होल्ट. आईला बोलावून हात लावायला सांगितलं. तिने आधी चप्पल घातली, मगच हात लावला.

१९–२० एप्रिल

आरसीसीबी बसवला. दोन पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँप, २१०० रुपये. बसवला आणि पडला. पुन्हा उचलला, दहा मिनिटं थांबला, पडला. संध्याकाळी सातनंतर तर उभाच राहीना.

मामांनी एकेक करून सगळे एमसीबी खाली पाडले. सगळं घर बंद, तरी आरसीसीबी पडतोच. "पीसच खराब आहे ताई." दुकानदाराने बिनातक्रार बदलून दिला. नवाही पडला. शनिवार असा संपला, फ्रिजमधलं दूध नासलं.

रात्री विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. आमचे एमसीबी सिंगल पोल. ते खाली पाडले की फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरात कुठे न्यूट्रल अर्थला चिकटला असेल तर एमसीबी पाडून तो सुटणार नाही. आणि संध्याकाळी जास्त का? न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजलं. दुपारी मोजलेलं १.१ होतं, संध्याकाळी ३.८. गल्लीत लोड वाढला की न्यूट्रल उचलला जातो. ३.८ व्होल्टला १४ ओहमची वाट मिळाली तर पाव अँपिअरहून जास्त करंट अर्थमधून निसटतो. आरसीसीबीला ३० मिलिअँप पुरतात.

रविवारी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून एकेक काळी वायर सोडवली आणि प्रत्येकीची अर्थशी कंटिन्युइटी, म्हणजे जोड आहे का ते, पाहिली. चौथी वायर, स्वयंपाकघर: ०.४ ओहम. फ्रिजचा सॉकेट उघडला. आत इन्सुलेशन टेप डांबरासारखी कडक झालेली. ती नखाने खरवडली तर खाली दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या टर्मिनलवरून वळवून थेट अर्थच्या टर्मिनलमध्ये खोचलेला.

हा तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले. अर्थ नसलेल्या घरात फ्रिजला 'अर्थ मिळावा' म्हणून कुणीतरी कधीकाळी हे केलं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण न्यूट्रलची तार मागे कुठेही सुटली, एखादा स्क्रू सैल झाला तरी, फ्रिजच्या आतून आलेली फेज या तुकड्यातून फ्रिजच्या दाराच्या हँडलवर येते. त्या दाराला घरातले सगळे दिवसातून पन्नास वेळा हात लावतात, त्यात आईचे ओले हात. हमिंग लागलं नसतं तर हा सॉकेट आम्ही कधीच उघडला नसता.

तुकडा काढला, अर्थच्या टर्मिनलमध्ये हिरवी वायर एकटीच ठेवली. आरसीसीबी उभा राहिला. टेस्ट बटण दाबून पाहिलं, पडला, उचलला, राहिला. तुमच्याकडे एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडत असेल तर पीस बदलण्याआधी न्यूट्रल सोडवून पाहा.

२६ एप्रिल

टीव्हीची केबल परत लावली. हमिंग हजर, आणि आधीपेक्षा मोठं. आधी त्यात खरखर होती, आता शुद्ध, गोल, खर्जातलं घूं.

क्षणभर वाटलं, महिनाभराचं काम फुकट गेलं. तसं नव्हतं. आधी अँपला जमिनीची वाट एकच होती, डिशमार्गे. आता दोन झाल्या: एक बोर्डातून नव्या खड्ड्यांकडे, दुसरी जुनीच गच्चीवरून. दोन टोकांच्या जमिनींत थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच, आणि केबलच्या जाळीतून तो फिरत राहतो. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. पीन कापणारे लोक याच क्षणी पीन कापतात. लूप तोडायचाच, पण बोर्डाकडून तोडायचा नाही, सिग्नलकडून तोडायचा.

आधी गच्चीवरचा खांब अर्थला जोडला. रंग खरवडला, क्लँप लावला, ४ ची वायर खाली पट्टीपर्यंत आणली. उंचावरच्या लोखंडाला अर्थ हवाच, हमिंग असो वा नसो. हम निम्म्याने उतरला.

कोअॅक्समध्ये आयसोलेटर, म्हणजे दोन टोकांमधला धातूचा जोड तोडणारी डबी, घालायचा विचार होता. डिशच्या कोअॅक्समध्ये तो चालत नाही. सेट-टॉप बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, आयसोलेटर ते अडवतो आणि चित्रच जातं. हे मात्र विकत घेण्याआधी कळलं.

१० मे

टीव्ही आणि अँपच्या मध्ये ३५० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. काडेपेटीएवढ्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. हमिंग पूर्ण गेलं. खूप आनंद झाला, मग टीव्हीवर बाबांच्या आवडीची एक मैफल लावली. पाच मिनिटांत बाबा म्हणाले, "तबला आहे, डग्गा कुठे गेला?" एवढ्याशा लोखंडी गाभ्यात खर्ज मावत नाही. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार दोन्ही पुसट झालेले. मोठ्या गाभ्याचे चांगले ट्रान्सफॉर्मर मिळतात, पण ते महाग.

टीव्हीच्या मागे पाहिलं तर ऑप्टिकल आउटपुट होतंच, धूळ बसलेलं झाकण लावून. २५० ची ऑप्टिकल केबल, १४०० चा छोटा डीएसी (डिजिटल सिग्नलचा अँपला चालेल असा सिग्नल करणारी डबी), अँपच्याच बोर्डावर लावला. टीव्हीपासून अँपपर्यंत आता धातूची तार एकही नाही, फक्त प्रकाश जातो. लूप तुटला, डग्गा परत आला, पीन जागच्या जागी. हे पहिल्या दिवशी करता आलं असतं आणि हमिंग १६५० रुपयांत गेलं असतं. पण मग फ्रिजच्या सॉकेटमधला तो तुकडा तसाच राहिला असता.

एकूण खर्च २१,८५० रुपये, त्यात मामांची मजुरी ४५००. मार्चच्या आधी घेतलेली केबल यात धरलेली नाही. आठवड्याअखेरच्या सुट्या दहा गेल्या.

२५ मे

यंदा पाऊस मेमध्येच कोसळला. मागचा खड्डा तुडुंब. टेस्टरवर आकडा ७ ओहम. पावसाळ्यातला आकडा जमेस धरायचा नाही, मातीच ओली आहे. खरी परीक्षा कोरड्या दिवसांत.

७ डिसेंबर

पाऊस जाऊन दीडेक महिना झाला. आज मोजलं: ११ ओहम. पहिल्या खड्ड्यातला पाइप वरून उघडून पाहिला, मिठाच्या थराजवळ आताच तांबूस डाग दिसायला लागलेत. वर्षभराने पुन्हा पाहावं लागेल. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यांना आठवड्यातून चार बादल्या पाणी घालायचं आणि दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, हे मेन बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवलंय.

लॅपटॉप चार्जिंगला असताना अँपला जोडला तर अजून बारीक किणकिण येते. सध्या तो बॅटरीवर ठेवून वाजवते. त्याचंही काहीतरी करायचं आहे.

संध्याकाळी तीच रेकॉर्ड लावली. सुई टेकली, सुरुवातीची करकर, मग तानपुरा. बाबा डोळे मिटून बसले होते. बाजू संपल्यावर मी उठले तर म्हणाले, "उलटी कर गं, दुसरी बाजू राहिलीय."